दीड हजार रुपये आणि उंबरठ्यापर्यंतचे अंतर

तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिहोरा हे गाव लागते. भंडारा जिल्ह्याचा हा उत्तरेकडील भाग. पलीकडे मध्य प्रदेशाची सीमा, सभोवती धानाच्या बांध्या आणि जवळच चांदपूरचा जलाशय. आसपासच्या खेड्यांतील माणसे बाजारासाठी आणि दवाखान्यासाठी सिहोऱ्यास येतात. तालुक्याचे काम असेल तर तुमसर गाठावे लागते, जिल्ह्याचे असेल तर भंडारा. धडधाकट माणसाला या अंतराचे काही वाटत नाही. सकाळच्या एसटीने जाऊन तो सायंकाळी घरी परततो. परंतु ज्याचे जग खाटेपासून ओसरीपर्यंतच उरले आहे, त्याला तुमसरही मुंबईइतकेच दूर असते. वृद्धांच्या आधाराविषयी बोलताना आपण बहुधा रकमेचा विचार करतो, या अंतराचा करीत नाही. प्रस्तुत लेखात त्या अंतराचा हिशेब मांडावयाचा आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिकांचे प्रमाण ८.६ टक्के होते. महाराष्ट्रात ते ९.९ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीहून अधिक होते. त्यानंतर दीड दशक लोटले आहे. मुले कमी झाली, आयुर्मान वाढले आणि शिकलेली मुले नागपूर, पुणे, हैदराबादकडे गेली. धानाच्या पट्ट्यातील असंख्य घरांत आज सत्तरीचा नवरा आणि पासष्टीची बायको एवढीच माणसे राहतात. त्यांपैकी एक खाटेला खिळला की दुसऱ्याचेही बाहेर पडणे थांबते. एका माणसाच्या आजाराने दोन माणसे घरात कोंडली जातात, आणि या दुसऱ्या माणसाची नोंद कोणत्याही योजनेत होत नाही.

तिजोरीकडून किती अपेक्षा करावी?

उणीव दिसली की शासनाने निधी द्यावा, ही मागणी आपल्या ओठांवर तयारच असते. ती रास्त असली तरी तिजोरीची स्थिती पाहूनच ती करावयास हवी. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटी रुपयांची महसुली तूट दाखविलेली होती आणि राज्यावरील एकूण कर्जाचा अंदाज नऊ लाख कोटींच्या वर गेला होता. महसुली तूट याचा अर्थ असा की रोजचा खर्च भागविण्यासाठीच उसनवारी करावी लागते. अशा घरात नव्या खोल्या बांधण्याचा बेत कोणी करीत नाही. असलेल्या खोल्या नीट वापरता येतात काय, हे आधी पाहिले जाते.

बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसाला एक सवय जडलेली असते. मंजूर रक्कम किती, यापेक्षा ती ज्या कामासाठी दिली त्या कामापर्यंत पोहोचली किती, हे तो आधी पाहतो. वृद्धांच्या योजनांना हीच कसोटी लावली तर जे चित्र दिसते ते निराशाजनक नाही, पण विस्कळीत खचितच आहे.

योजना अनेक, दारे वेगवेगळी

केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला. त्यातील वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात दारिद्र्यरेषेखालील ६० ते ७९ वयाच्या व्यक्तीस केंद्राकडून दरमहा २०० रुपये आणि ८० वर्षांनंतर ५०० रुपये मिळतात. हे २०० रुपये दीड दशकाहून अधिक काळ आहेत तेवढेच आहेत. महाराष्ट्र शासन आपल्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून पासष्ट वर्षांवरील लाभार्थ्यांसाठी त्यात भर घालते. ही एकत्रित रक्कम पूर्वी ६०० रुपये होती, पुढे १,००० झाली आणि २०२३ च्या जुलैपासून १,५०० झाली. दिवसाचे पन्नास रुपये. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे किंवा नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असावे लागते. या योजनेतून वर्षाला मिळणारी रक्कम १८,००० रुपये होते, आणि सबंध कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा त्याहून केवळ ३,००० रुपयांनी अधिक आहे. तेवढ्यात वर्षभर भागविणारे कुटुंब आज शोधूनही सापडणे कठीण. त्यामुळे खऱ्या गरजूलाही आपले उत्पन्न कागदावर आक्रसून दाखवावे लागते.

आता वयाच्या अटी पाहा. कायद्याने माणूस साठाव्या वर्षी ज्येष्ठ नागरिक ठरतो. श्रावणबाळ योजना पासष्टाव्या वर्षी सुरू होते. चष्मा, काठी, श्रवणयंत्र यांसाठी एकरकमी ३,००० रुपये देणारी २०२४ ची मुख्यमंत्री वयोश्री योजनाही पासष्ट वर्षांचीच, पण तिची उत्पन्नमर्यादा दोन लाखांची. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार सत्तर वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न लावता खुले झाले. एसटीचा मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तर वर्षांवरील नागरिकांना मिळू लागला. एकेका योजनेचा हेतू उत्तमच आहे. परंतु साठ, पासष्ट, सत्तर, पंच्याहत्तर आणि ऐंशी अशा पाच पायऱ्या, प्रत्येकीचा वेगळा अर्ज, वेगळा दाखला आणि वेगळे कार्यालय. ज्याची दृष्टी अधू झाली आहे, त्याच्यावरच आपण सर्वांत गुंतागुंतीचे कागद वाचण्याची वेळ आणली आहे.

एसटीच्या सवलतीतून आपल्या व्यवस्थेचा स्वभावही दिसतो. वृद्धाला कार्यालयापर्यंत नेण्यासाठी शासन खर्च करते, पण कार्यालय वृद्धापर्यंत नेण्यासाठी तरतूद सापडत नाही. जो बसच्या पायरीवर चढू शकत नाही, त्याला मोफत तिकिटाचा उपयोग काय?

अंतराची किंमत

अनुदान आता डीबीटीने थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. मधले हात गळाले, ही मोठीच सुधारणा होय. पण पैसा खात्यात येणे आणि वृद्धाच्या हातात येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नोकरीच्या काळात मी अनेकदा पाहिले आहे की आयुष्यभर रोवणी आणि कापणी केलेल्या बोटांचे ठसे यंत्राला ओळखू येत नाहीत. यंत्र तीनदा नकार देते, माणूस ओशाळतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. दरवर्षी हयातीचा दाखलाही द्यावा लागतो. म्हणजे जो सर्वांत अशक्त, त्यालाच आपण जिवंत असल्याचे सिद्ध करण्यासाठी सर्वांत लांब चालावे लागते. ज्याला येताच येत नाही, त्याचे पैसे दुसरे कोणी काढते. बहुतेक वेळा ती व्यक्ती प्रामाणिक असते, काही वेळा नसते. दोन्ही वेळा स्वतःच्या पैशावरचा वृद्धाचा ताबा मात्र सुटलेला असतो, आणि त्याबरोबर घरातील त्याचा मानही थोडा कमी होतो.

यावर उपाय नाहीत असे नव्हे. भारतीय रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकाने सत्तर वर्षांवरील तसेच अपंग व दुर्बल ग्राहकांना घरपोच सेवा देण्यास बँकांना सांगितले. खात्यातील रोकड घरी पोहोचविणे, केवायसीचे कागद आणि हयातीचा दाखला घरूनच स्वीकारणे या गोष्टी त्यात स्पष्ट आहेत. १ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमुळे पोस्टमनही आधारच्या आधारे दारात रोकड देऊ शकतो. गावोगावी बँकमित्र आहेत. आरोग्याच्या बाजूने पाहावे तर २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या वृद्ध आरोग्य सेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात स्वतंत्र खाटा, प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांसाठी आठवड्यातून एकदा बाह्यरुग्ण तपासणी आणि खाटेला खिळलेल्यांना उपकेंद्राकडून गृहभेट, एवढे सारे लिहिलेले आहे. तक्रार अथवा चौकशीसाठी १४५६७ हा देशव्यापी साहाय्य क्रमांक आहे.

सेवा आहेत, त्यांचे आदेशही आहेत. मात्र बँकमित्राला खाटेवरचा माणूस कोण ते ठाऊक नाही, आशाताईंना त्याचे अनुदान अडल्याचे ठाऊक नाही, तहसील कार्यालयास तो आजारी असल्याचे ठाऊक नाही. प्रत्येकाकडे आपापली यादी आहे. त्या सगळ्यांची मिळून एक यादी कोणाकडेच नाही.

मुलगा असताना चिंता कशाची?

येथे अनेक वाचक विचारतील की हे काम कुटुंबाचे नव्हे काय? होय, आधी कुटुंबाचेच. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ हाही तेच सांगतो. उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरण मुलांना दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह देण्याचा आदेश करू शकते. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास परत मिळविण्याची तरतूदही त्यात आहे. ज्या घरात मुलगा सुस्थितीत असून दुर्लक्ष करतो तेथे हा कायदा उपयोगी पडतो. पण मुलगा स्वतःच रोजमजुरीवर जात असेल तर आदेशाने त्याच्या खिशात पैसे येत नाहीत. आणि मुलगा पैसे पाठवीत असला तरी अंथरुणात कूस बदलून देणे, आंघोळ घालणे, वेळेवर गोळी देणे ही कामे पैशाने परस्पर होत नाहीत. ती घरातील बाई करते. बहुधा सून, नाहीतर स्वतः म्हातारी झालेली पत्नी. तिची मजुरी बुडते, तिची पाठ जाते, तिचे आजारपण मागे राहते. ‘कुटुंब सांभाळते’ या शब्दांमागे एका स्त्रीचे बिनमोल श्रम असतात, हे आपण स्पष्टपणे म्हटले पाहिजे. तिला आठवड्यातून काही तास मोकळे मिळाले तरी कुटुंबाचा कणा टिकतो.

याच अधिनियमाच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार वृद्धांसाठीचा आश्रम राज्य शासन स्थापन करू शकते, असे आहे. ज्याला कोणीच नाही त्याच्यासाठी अशी वास्तू हवीच. पण दीडशे जागांच्या आश्रमाने बारा लाख लोकसंख्येच्या भंडारा जिल्ह्याचा प्रश्न सुटत नाही, आणि बहुतेक वृद्धांना आपले घर सोडून कुठे जावयाचेही नसते.

इतरांनी काय केले?

इंग्लंडमध्ये प्रौढांच्या सामाजिक देखभालीची जबाबदारी स्थानिक परिषदांवर आहे. २०१० नंतर केंद्राची अनुदाने घटली तेव्हा अनेक परिषदांनी मदत केवळ अतिगरजू व्यक्तींपुरती सीमित केली. परिणाम रुग्णालयांवर झाला. उपचार संपलेले वृद्ध घरी बघणारे कोणी नसल्याने खाटा अडवून राहू लागले. घरच्या देखभालीत वाचविलेला पैसा रुग्णालयात दुसऱ्या दाराने खर्च झाला. जपानने उलट वाट धरली. एप्रिल २००० पासून तेथे देखभाल विमा आहे. चाळीस वर्षांवरील प्रत्येक जण हप्ता भरतो, निम्मा भार करांतून येतो आणि विमा चालविणारी संस्था म्हणजे तेथील नगरपालिका.

आपल्यासारख्या मर्यादित साधनांच्या समाजाला अधिक जवळचे उदाहरण केरळचे. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ मध्ये वेदनाशमन व परिहार सेवेची संस्था स्थापन झाली. पुढे गावागावांतील स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. शेजारीच शेजाऱ्याची विचारपूस करू लागला आणि परिचारिका ठरलेल्या दिवशी घरी येऊ लागली. २००८ मध्ये केरळ शासनाने त्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि पंचायतींनी गृहभेटीच्या परिचारिकांचा भार उचलला. तेथे आधी माणसे जोडली गेली, निधी मागून आला. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

सिहोऱ्याएवढ्या गावाचा ताळेबंद

आता एक नमुना हिशेब मांडतो. आकडे समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत, प्रत्यक्ष मोजणी गावाने करावयाची आहे. लोकसंख्या ५,००० धरा, कुटुंबे १,०००. राज्याच्या २०११ च्या प्रमाणाने वृद्ध सुमारे ५००. त्यांपैकी वीसामागे एक, म्हणजे २५ जण दुसऱ्याच्या मदतीवाचून उठू शकत नाहीत असे धरू. तीन मदतनीस भगिनी नेमल्या तर प्रत्येकीकडे आठ-नऊ घरे येतात. प्रत्येक घरी आठवड्यातून तीनदा एक तास गेल्यास दिवसाचे सुमारे साडेचार तासांचे अर्धवेळ काम होते. मानधन प्रत्येकी ६,००० रुपये धरल्यास महिन्याचे १८,००० आणि वर्षाचे २,१६,०००. हातमोजे, मलम, चादरी, प्रशिक्षण यांसाठी २४,००० धरा. एकूण २,४०,०००. हजार कुटुंबांत वाटले तर प्रत्येकी वर्षाला २४० रुपये, म्हणजे महिन्याला वीस रुपये.

दुसऱ्या बाजूने पाहा. या ५०० वृद्धांपैकी २०० जणांना श्रावणबाळ योजनेचे अनुदान मिळते असे मानले तर गावात वर्षाला ३६ लाख रुपये येतात. त्याच्या पंधराव्या हिश्श्याएवढ्या खर्चात गावातील सर्वांत असहाय २५ घरांत आठवड्यातून तीनदा कोणीतरी डोकावेल, आणि अडलेले अनुदानही त्याच वेळी लक्षात येईल.

पैसा कोठून आणावा? ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी आणि दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी राखावी लागते. वृद्धांसाठी असे वेगळे शीर्ष नाही. परंतु पक्षाघाताने अथवा दृष्टी गेल्याने खाटेला खिळलेल्या अनेकांना चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते, आणि मग पाच टक्क्यांच्या निधीचे दार त्यांच्यासाठी उघडते. २०२१-२६ साठीच्या १५ व्या वित्त आयोगाच्या अनुदानात ४० टक्के रक्कम अबंधित होती, मात्र तीतून वेतन व आस्थापना खर्च करता येत नव्हता. त्यामुळे साहित्य शासकीय निधीतून आणि मानधन लोकवर्गणीतून, अशी विभागणी व्यवहार्य ठरते. मदतनीस गावातील बचत गटांतूनच निवडाव्यात. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे. मोबदला न देता त्यांच्यावर आणखी एक काम लादणे म्हणजे सुधारणा नव्हे.

आरंभ कोठून करावा?

पहिले काम बिनखर्चाचे आहे. गावाने एक वही करावी. तीत प्रत्येक वृद्धाचे वय, घरात कोण आहे, अनुदान मिळते काय, शेवटचे कधी मिळाले, चालता येते काय, एवढेच रकाने असावेत. वही ग्रामपंचायतीत राहावी आणि आशाताई, बँकमित्र, पोस्टमन व ग्राम महसूल अधिकारी या चौघांनी महिन्यातून एकदा ती एकत्र बसून पाहावी. नावे गुप्त ठेवावीत, ग्रामसभेत केवळ संख्या वाचावी. किती जणांचे अनुदान अडले, किती जणांकडे महिन्यात कोणीच गेले नाही, हे दोन आकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचले गेले तर वर्षभरात ते घटू लागतील. वाचून दाखविलेल्या आकड्याला धाक असतो, हे कोणताही लेखापरीक्षक सांगेल.

दुसरे काम दिवस ठरविण्याचे. महिन्याचा एक ठरलेला दिवस ‘घरपोच दिवस’ असावा. त्या दिवशी रोकड, हयातीचा दाखला आणि रक्तदाब तपासणी ही तिन्ही कामे एकाच फेरीत व्हावीत. त्यासाठी नवा शासननिर्णय नको, असलेल्या आदेशांची एकत्र अंमलबजावणी हवी.

तिसरे काम आपल्यासारख्यांचे. आपल्या परंपरेत दानाइतकेच मोठे स्थान वैयावृत्त्याला आहे. मूळ संदर्भ मुनिसेवेचा असला तरी अभ्यंतर तपांत त्याची गणना होते, आणि ज्यांची सेवा करावयाची त्यांत ‘ग्लान’ म्हणजे रोगी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दान धनादेशाने पाठविता येते, वैयावृत्त्यासाठी स्वतः जावे लागते. तुमसर, गोंदिया, भंडारा, नागपूर येथील आपल्या समाजमंडळांनी एकेका गावाच्या एका मदतनीस भगिनीचे वर्षाचे ७२,००० रुपये मानधन उचलावे. भोजनसमारंभातील एखादे पक्वान्न कमी केले तरी ही रक्कम उभी राहू शकते. आणि आम्ही सेवानिवृत्त मंडळींनी, ज्यांना अर्ज, दाखले, खाती यांची भाषा चाळीस वर्षांच्या नोकरीने शिकविली, आठवड्याचा एक दिवस त्या वहीसाठी द्यावा. मदत जातपात पाहून होऊ नये, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

दीड हजारांचे दोन हजार व्हावेत, यासाठी शासनाकडे आग्रह जरूर धरावा. पण वाढलेले पाचशे रुपयेही त्याच उंबरठ्याबाहेर थांबणार असतील तर खाटेवरच्या माणसाच्या दृष्टीने काहीच बदलणार नाही. पैसा मुंबईहून सिहोऱ्याच्या खात्यापर्यंत क्षणात येतो. त्या खात्यापासून खाटेपर्यंतचे शेवटचे अंतर मात्र गावातल्याच कोणीतरी पायी चालावयाचे आहे.